जुन्या टर्नटेबलचा वेग: आधी मोजा, मग पुसा, स्क्रू सगळ्यांत शेवटी

जुनं टर्नटेबल घरी येतं, धूळ पुसून होते, हौसेने तबकडी लावली जाते आणि ओळखीचा आवाज अनोळखी निघतो. गायकाला सर्दी झालीय, तबल्याची पुडी ओली राहिलीय असं वाटतं. कधी याच्या उलट, सगळे कुठेतरी गाडी पकडायला निघाल्यासारखे घाईत. कधी वेग साधारण बरोबर असतो, पण लांब सूर पाण्यावरच्या सावलीसारखा हलत राहतो.

अशा वेळी हात आपोआप वेग कमीजास्त करायच्या छोट्या स्क्रूकडे जातो. माझाही गेला होता. माझ्या पहिल्या टर्नटेबलच्या तळाला एक भोक होतं, आत स्क्रू. तबकडी जिच्यावर बसते ती थाळी हळू फिरत होती म्हणून मी तो थोडा फिरवला. वेग जुळला, मी खूश. दोन आठवड्यांनी पुन्हा हळू, पुन्हा स्क्रू. असं करत करत एक दिवस स्क्रू टोकाला जाऊन थांबला. मग कुठे मोटरपासून थाळी फिरवणारा रबरी बेल्ट बदलायची बुद्धी झाली, आणि नव्या बेल्टवर थाळी सुसाट सुटली. स्क्रू मुळात कुठे होता हे मला आठवत नव्हतं. बेल्ट सैल होता आणि मी मोटरला पळवत होतो.

जुन्या यंत्रात वेगाची बहुतेक दुखणी रबराची नाहीतर तेलाची असतात. मोटर आणि सर्किट यांचा नंबर बराच नंतर लागतो. या लेखातला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी मोजा

तीन वेग लक्षात ठेवा: मिनिटाला ३३ १/३, ४५ आणि ७८ फेरे. पहिला १९४८मध्ये एलपी म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीबरोबर रूढ झाला, दुसरा १९४९मध्ये लहान तबकडीबरोबर आला, आणि ७८चा त्याआधीचा. पुढे मी नुसतं तेहतीस म्हणेन, एकतृतीयांश गृहीत धरा.

तेहतीसच्या वेगात एक सोय आहे: तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे होतात. थाळीच्या कडेला कागदाची छोटी पट्टी चिकटवा, तबकडी लावा, सुई खाली ठेवा आणि स्टॉपवॉच घेऊन बसा. सुई खाली असणं महत्त्वाचं. मोकळी थाळी नीट फिरते आणि सुई टेकली की दमते, असं घसरत्या बेल्टच्या यंत्रात हमखास होतं. आणि पट्टी समोरून पहिल्यांदा जाईल तेव्हा 'शून्य' म्हणा, 'एक' नाही. एक म्हणून सुरुवात केली तर ९९ फेरेच मोजले जातील आणि नसलेला एक टक्क्याचा दोष तुम्ही शोधत बसाल.

शंभर फेऱ्यांना १८० सेकंद लागले तर वेग बरोबर. १८३ लागले तर यंत्र साधारण दीड टक्का हळू आहे, १७७ लागले तर तेवढंच जलद. एका सेकंदाचा फरक म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. पंचेचाळीसला हेच काम मिनिटात ४५ किंवा तीन मिनिटांत १३५ फेरे मोजून होतं.

कानाला किती फरक कळतो? वेग सहा टक्के चढला की पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये जातं. एक टक्का म्हणजे त्याचा सहावा भाग. वेग स्थिर असेल तर इतका फरक पेटी घेऊन साथीला बसल्याशिवाय बहुतेकांना कळत नाही. पण वेग वरखाली होत असेल तर याहून पुष्कळ कमी फरकही खटकतो. पियानोचा लांब सूर किंवा तंबोऱ्याची अखंड जोड लावून पाहा, लगेच उघडं पडतं. मात्र रेकॉर्डचा सूर पेटीशी जुळत नाही म्हणून लगेच यंत्राला दोष देऊ नका. जुन्या ध्वनिमुद्रणात मूळ वादकांनीच वाद्यं वेगळ्या सुरात लावलेली असू शकतात. ७८च्या जमान्यात तर खुद्द मुद्रणाचा वेगही सगळीकडे एकसारखा नव्हता.

मोजायचा दुसरा मार्ग स्ट्रोब तबकडीचा, आणि तो मला मनापासून आवडतो. तबकडीवर आखलेल्या रेघा विजेच्या दिव्याखाली फिरवायच्या. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तेहतीसच्या वर्तुळात १८० रेघा असतात. वेग अचूक असला की प्रत्येक लुकलुकीला एक रेघ मागच्या रेघेच्या जागी येते आणि फिरत्या थाळीवर रेघा उभ्याच्या उभ्या थांबलेल्या दिसतात. त्या फिरण्याच्या दिशेने पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. सेकंदाला एक रेघ सरकली तर चूक एक टक्का, मिनिटाला सहा सरकल्या तर दशांश टक्का. ६० हर्ट्झच्या विजेसाठी रेघांची संख्या वेगळी, तेहतीसला २१६. तबकडी कुठल्या विजेसाठी छापली आहे ते वाचून घ्या.

यात एक खोच आहे. आजचे बरेच एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याखाली नुसता करडा पट्टा दिसतो आणि नवखा माणूस समजतो की यंत्रच बिघडलंय. निऑनचा छोटा इंडिकेटर किंवा जुन्या चोकची ट्यूब चालते. साधा पिवळा बल्बही चालतो, पण रेघा पुसट दिसतात. काही यंत्रांत दिवा आणि थाळीच्या कडेवरचे ठिपके आधीपासूनच असतात. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२वर ठिपक्यांच्या चार ओळी आहेत: अचूक वेग, ३.३ टक्के कमी, ३.३ टक्के जास्त आणि ६ टक्के जास्त. चुकीची ओळ धरून वेग 'दुरुस्त' करणारे कमी नाहीत.

मोबाइल थाळीवर ठेवून वेग सांगणारी ॲपही आहेत. झटपट अंदाजाला ठीक. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, आधी क्लिपमध्ये अडकवा, फोन जमेल तितका मधोमध ठेवा. पण फोन ठेवल्यावर सुई टेकवता येत नाही, म्हणून निकालासाठी मी कागदाच्या पट्टीवरच विसंबतो.

दोष कोणत्या जातीचा?

मोजमापं वहीत लिहा आणि आता नुसतं ऐका. वेग कायम तेवढाच चुकीचा आहे, की तापल्यावर बदलतो, की लाटेसारखा वरखाली होतो?

लाट असेल तर तिची लय मोजा. तेहतीसला एक फेरा १.८ सेकंदांचा. लाट बरोबर या लयीत येत असेल तर पहिला संशय तबकडीवर घ्या. तिचं भोक मधोमध नसलं की टोनआर्म प्रत्येक फेऱ्याला डावीउजवीकडे झुलताना दिसतो. शेवटच्या गाण्याजवळ, केंद्रापासून ६० मिलिमीटरवर, भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी सूर दोन्ही बाजूंना सुमारे ०.८ टक्के हलतो. हा दोष यंत्राचा नाही. दुसऱ्या दोन-तीन तबकड्या लावून पाहा. प्रत्येकीवर लाट येत असेल तर थाळी, तिचा दांडा किंवा तो ज्यात फिरतो ते बेअरिंग तपासायचं. लाट १.८ सेकंदांपेक्षा जरा सावकाश येत असेल तर बेल्ट, कारण बेल्टचा एक फेरा थाळीच्या फेऱ्याहून लांब असतो. बेल्टवर कुठे गाठ, चीर किंवा जाड भाग असेल तो दर फेऱ्याला पुलीवर, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या चाकावर येतो. आणि सेकंदाला अनेकदा थरथर होत असेल तर मोटर आणि थाळीमधलं रबरी चाक, मोटर किंवा पुली.

थाळीखाली काय आहे?

प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मग सुईला टोपण घाला, टोनआर्म बांधा, रबरी चटई काढा आणि थाळी सरळ वर उचला. काही थाळ्यांना दांड्यावर छोटी क्लिप असते, आधी ती काढायची.

आत तीनपैकी एक रचना दिसेल. मोटरच्या पुलीपासून थाळीपर्यंत रबरी बेल्ट, थोरेन्स टीडी १६०सारखा. किंवा मोटरचा दांडा आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये दाबून बसणारं रबरी चाक, म्हणजे आयडलर. गॅरार्ड ३०१ आणि लेन्को एल ७५ ही त्याची गाजलेली उदाहरणं. किंवा मध्ये काहीच नाही, मोटर थेट थाळीखाली: डायरेक्ट ड्राइव्ह. थोरेन्सच्या टीडी १२४मध्ये बेल्ट आणि आयडलर दोन्ही आहेत, त्यामुळे त्याच्या मालकाला दुप्पट काम.

पुढे जाण्याआधी एक सोपी तपासणी. तेहतीसला मिनिटाला २८च्या आसपास फेरे होत असतील तर काही साफ करत बसू नका. ते यंत्र ६० हर्ट्झच्या विजेसाठी केलेलं आहे आणि ५० हर्ट्झवर चालतंय, म्हणजे वेग पाच-षष्ठांश, २७.८. उलट परिस्थितीत ४० येतात. जुन्या यंत्रांतल्या बऱ्याच मोटर सिंक्रोनस जातीच्या, त्यांचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो, व्होल्टवर नाही. म्हणून २२०चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर मोटर जळू देणार नाही, पण वेग सुधारणार नाही. हे समजायला मला स्वतःला लाजिरवाणा वेळ लागला. उपाय एकच: त्या हर्ट्झसाठीची पुली बसवणं किंवा हवी ती फ्रिक्वेन्सी देणारा वेगळा वीजपुरवठा जोडणं.

बेल्ट

बेल्टचं यंत्र हळू चालत असेल तर दहातल्या आठ वेळा मी आधी इथेच पाहीन. बेल्ट काढून टेबलावर ठेवा. निरोगी बेल्ट मऊ, निस्तेज काळा असतो आणि ओढून सोडला की लगेच मूळ आकारात येतो. चकाकत असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा पुलीच्या वळणाचा बाक तसाच राहिला असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. उकळत्या पाण्यात टाकून बेल्ट आवळायची युक्ती बरेच जण सांगतात. थोडे दिवस चालते, मग पुन्हा तेच.

फार वर्षं बंद राहिलेल्या यंत्रात कधीकधी बेल्ट सापडतच नाही. त्याच्या जागी थाळीच्या आतल्या कडेला डांबरासारखा काळा थर असतो. बोट लागलं की बोटाला, बोटावरून टोनआर्मला, तिथून शर्टाला. हातमोजे घाला, कापसाचे बोळे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा आणि थर एकाच दिशेने ओढत काढा. मागेपुढे घासलं तर तो पसरतो. पांढरा बोळा पांढराच बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. पुलीच्या खोबणीतला थर लाकडी टूथपिकने काढा, धातूच्या टोकाने नाही.

नवा बेल्ट मॉडेलच्या क्रमांकावरून मागवा. क्रमांक मिळत नसेल तर बेल्टच्या पूर्ण मार्गावरून दोरा फिरवा, त्याची लांबी मोजा आणि साधारण पाच टक्के कमी परिघाचा बेल्ट घ्या. 'जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगला' असं मुळीच नाही, त्याने मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशवर एका बाजूने ताण येतो.

जाडीकडे कुणी पाहत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. पुलीचा परिणामी व्यास म्हणजे पुली अधिक बेल्टची जाडी. समजा पुली २१ मिलिमीटर, बेल्ट जिच्यावर चढतो ती आतली थाळी १६० मिलिमीटर. मूळ बेल्ट ०.६ मिलिमीटर जाड होता आणि तुम्ही १ मिलिमीटरचा आणलात, तर वेग १.६ टक्के वाढतो. बेल्ट नवा कोरा, पुली स्वच्छ, तरी गाणं चढं! म्हणून जुना बेल्ट कितीही कुजका असला तरी जाडी आणि रुंदी मोजेपर्यंत फेकू नका.

बसवण्याआधी हात साबणाने धुवा. बेल्ट पिळलेला नाही ना, पुलीच्या योग्य टप्प्यावर आहे ना, हे हाताने थाळी चार-पाच फेरे फिरवून पाहा. बेल्ट वर चढत किंवा खाली उतरत असेल तर पुलीची उंची किंवा मोटरचा कल चुकलाय. दोन-तीन तास चालू द्या, मग पुन्हा शंभर फेरे.

बेअरिंग आणि तेल

बेल्ट काढलेलाच आहे तर थाळीला बोटाने गिरकी द्या. जड थाळी सावकाश, कुरकुर न करता बराच वेळ फिरत राहते आणि हळूहळू विझल्यासारखी थांबते. मधेच अडून थांबली किंवा दोन-चार फेऱ्यांत दमली तर तिच्या दांड्याला जुनं तेल चिकटलेलं आहे. डायरेक्ट ड्राइव्हला ही परीक्षा लागू नाही, तिथे चुंबक थाळीला ओढतात.

दांडा वर खेचताना खाली पांढरं फडकं अंथरा. बऱ्याच बेअरिंगच्या तळाशी एक सुटी पोलादी गोळी असते. घट्ट झालेल्या तेलात ती दांड्याच्या टोकाला चिकटून वर येते, क्षणभर लटकते आणि मग टप्पकन पडून कपाटाखाली जाते. मी एकदा अख्खी संध्याकाळ टॉर्च घेऊन जमिनीवर काढली आहे.

जुनं तेल मधासारखं तपकिरी आणि चिकट झालेलं असतं. दांडा अल्कोहोलने पुसा. नळीत कापसाची काडी फिरवत राहा, काडी स्वच्छ येईपर्यंत. गोळीवर सपाट झालेला चट्टा दिसला तर तेवढ्याच मापाची नवी घाला. सगळं कोरडं झालं की हलकं यंत्रतेल, शिलाई मशीनचं चालेल, दोन-चार थेंब. दांडा परत सोडला की तो एकदम खाली जात नाही, आतली हवा निसटत जाते तसा सावकाश बुडतो. तसा बुडाला की समजा बेअरिंग घट्ट आणि धडधाकट आहे. गंज सोडवायचे स्प्रे इथे वापरू नका, ते आहे ते तेल धुऊन टाकतात आणि स्वतः उडून जातात. खाद्यतेल तर नाहीच, ते वर्षभरात गोंद होतं. आणि एक अपवाद: गॅरार्ड ३०१च्या सुरुवातीच्या यंत्रांत तेल नाही, ग्रीस असतं. मॅन्युअल पाहिल्याशिवाय बाटली उघडू नका.

मोटरच्या दांड्यालाही वर आणि खाली बुश असतात, बहुधा तेल शोषून ठेवणाऱ्या सच्छिद्र पितळेसारख्या धातूचे. प्रत्येकी एक थेंब, जास्त झालेलं पुसून घ्या. पुलीवर तेल गेलं तर अल्कोहोलचा बोळा आहेच.

टोनआर्म आपोआप उचलणाऱ्या ऑटोमॅटिक यंत्रात आणखी एक जागा: थाळीखालचे दातेरी चाक आणि पट्ट्या. त्यातलं ग्रीस वाळलं की यंत्रणा पूर्ण सुटत नाही आणि गाणं चालू असताना थाळीला ओढत राहते. वेग फक्त तबकडीच्या शेवटी शेवटी मंदावत असेल तर इथे पाहा.

रबरी चाकाची यंत्रं

आयडलरबद्दल एक गैरसमज पक्का आहे: चाक झिजून लहान झालं म्हणून वेग कमी झाला. तसं होत नाही. चाक फक्त मधला निरोप्या आहे. वेग मोटरच्या दांड्याच्या आणि थाळीच्या व्यासावर ठरतो, मधल्या चाकाचा व्यास हिशेबातून कटतो. वेग कमी झाला तो चाक घसरतंय म्हणून. रबर कडक आणि गुळगुळीत झालंय, किंवा कुठेतरी तेल लागलंय, किंवा चाक दाबून धरणारी स्प्रिंग सैल आहे.

चाक, मोटरचा दांडा आणि थाळीची आतली कड अल्कोहोलने पुसा. चाकाच्या स्वतःच्या दांड्यालाही साफसफाई आणि एक थेंब. तरीही घसरत असेल तर चाक फिरत ठेवून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलकं घासा, वरची चमक जाईपर्यंत. जास्त घासलं की चाक लंबगोल होतं.

एक सवय लावून घ्या: यंत्र बंद करताना चाक सुटलंय याची खात्री करा. चाक महिनोन्महिने एकाच जागी दाबलेलं राहिलं की तिथे खड्डा पडतो आणि दर फेऱ्याला 'धप्' ऐकू येतं. खोल खड्डा घासून जात नाही, चाकावर नवं रबर चढवावं लागतं.

मोटर आणि सर्किट

इथे येईपर्यंत बहुतेकांचं यंत्र सुधारलेलं असतं. नसेल तर लक्षणं अशी. सिंक्रोनस मोटर सुरू होताना अडखळते, थरथरते किंवा कधी चक्क उलटी फिरते: तिच्या जोडीचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, थकलाय. वेग हळूहळू भरकटतो, बटणाला हात लावला की उडी मारतो: वेग कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शियोमीटरमध्ये किंवा स्विचमध्ये धूळ आणि ऑक्साइड साचलंय. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. डायरेक्ट ड्राइव्हची निम्मी दुखणी एवढ्यावर बरी होतात. क्वार्ट्झ लॉकचं, म्हणजे स्फटिकाने वेग बांधून ठेवणारं यंत्र वेग धरतच नसेल तर मात्र मामला सर्किटचा आहे. मेन्सला जोडलेलं सर्किट उघडायचा अनुभव नसेल तर तिथे थांबा आणि जाणत्या मेकॅनिककडे न्या. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहू शकते.

आता स्क्रू

यंत्र वीस मिनिटं चालू द्या, तेल आणि मोटर गरम होऊ द्या. स्क्रूची आत्ताची जागा बारीक मार्करने खुणा करून ठेवा आणि फोटोही काढा. मग सुई तबकडीवर टेकलेली असताना, स्ट्रोबकडे पाहत, स्क्रू केसभर फिरवा आणि थांबा. मोटरला नवा वेग धरायला काही सेकंद लागतात, ते न थांबता फिरवत राहिलं की आपण त्याच्या मागे धावत बसतो. तेहतीस आणि पंचेचाळीसचे स्क्रू वेगळे असतील तर मॅन्युअलमधला क्रम पाळा, कारण काही सर्किटांत एक हलवला की दुसराही सरकतो. रेघा मिनिटाला दोन-तीन सरकत असतील तर सोडून द्या, एवढा फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही.

शेवटी पुन्हा शंभर फेरे, सुई खाली ठेवून. निकाल एका चिठ्ठीवर लिहा: तारीख, सेकंद, कुठलं तेल, बेल्टची जाडी. ती झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. माझ्या यंत्रावर आता अशा चार चिठ्ठ्या आहेत, आणि सगळ्यांत जुनीवर एवढंच लिहिलंय: 'स्क्रू मुळात कुठे होता माहीत नाही.'